लगाम कधी सोडायचा?

(व्याख्यानमालेत झालेल्या भाषणाचे हे शब्दांकन आहे. बोलण्याचा ओघ राहावा म्हणून बोलीतली रूपे बहुतेक ठिकाणी तशीच ठेवली आहेत. उपशीर्षके आमची.)

 

मला बोलावायला संयोजक आले तेव्हा मी त्यांना म्हटलं, "अहो, मी मैदानावर ओरडणारी बाई. माईकसमोर काय बोलणार?" ते म्हणाले, "घोड्यांबद्दलच बोला." घोड्यांबद्दल म्हटल्यावर मला नाही म्हणता येत नाही. आयुष्यभर आलेलं नाही.

सुरुवात एका जुन्या कोड्यापासून करते. तुम्ही सगळ्यांनी ते लहानपणी ऐकलेलं असेल. घोडा का अडला? पान का सडलं? भाकरी का करपली? तिन्हींचं उत्तर एकच, न फिरवल्यामुळे. चाळीस वर्षं घोडे आणि मुलं फिरवल्यावर आता मला असं वाटतं, की पान आणि भाकरीचं उत्तर बरोबर आहे, पण घोड्याचं अर्धंच आहे. घोडा का अडला, याची उत्तरं पुष्कळ असतात. ती शोधणं म्हणजेच आमचा धंदा. आज त्याबद्दलच बोलायचं आहे. आणि त्यातलं एक उत्तर मला फार उशिरा सापडलं, तेही सांगायचं आहे.

मिरजेचा टांगा

माझं बालपण मिरजेचं. वडील रेल्वेत होते. साठच्या दशकातली गोष्ट. स्टेशनाबाहेर टांग्यांची रांग असायची आणि त्यातल्या एका टांग्याचे मालक आमच्याच गल्लीच्या टोकाला राहायचे. त्यांना सगळे चाचा म्हणत. त्यांचा एक तांबडा घोडा होता, कपाळावर पांढरा ठिपका. शाळा सुटली की मी दप्तर टाकायची आणि तिकडे पळायची. आई म्हणायची, "अगं, मुलीच्या जातीनं घोड्याच्या शेणात काय बसायचं?" पण तिनं थांबवलं मात्र कधीच नाही.

चाचांनी मला पहिले सहा महिने घोड्यावर बसू दिलं नाही. खरारा करायचा, पाणी पाजायचं, चंदी भिजवायची, एवढंच. आणि पहिल्या दिवशी त्यांनी जे सांगितलं ते मी आजही माझ्या मुलांना सांगते. मी मागून जाऊन घोड्याच्या पाठीला हात लावणार होते. त्यांनी माझा हात धरला. म्हणाले, "बेटी, आधी सांग त्याला की तू आलीस. मग हात लाव."

आपल्याकडे म्हण आहे ना, घोड्याच्या मागून आणि साहेबाच्या पुढून जाऊ नये. साहेबाचं मला ठाऊक नाही, पण घोड्याच्या बाबतीत त्यामागे शरीरशास्त्र आहे.

घोडा जग कसं पाहतो

घोडा हा मूळचा शिकारी जनावरांचं भक्ष्य असलेला प्राणी. त्याला शिंगं नाहीत, सुळे म्हणावेत असे दात नाहीत. त्याचं शस्त्र एकच, पळणं. त्यामुळे त्याचं सगळं शरीर "धोका लवकर ओळख आणि पळ" या एका कामासाठी घडलं आहे.

त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. जमिनीवरच्या सस्तन प्राण्यांमध्ये सर्वांत मोठ्या डोळ्यांपैकी ते आहेत. मान न वळवता त्याला जवळजवळ ३५० अंशांचं दिसतं. दिसत नाही ते दोन ठिकाणचं. एक, थेट शेपटीमागचं आणि दुसरं, कपाळाच्या अगदी समोरचं. म्हणजे मागून येणारा माणूस त्याच्या दृष्टीनं अचानक हवेतून उगवतो. मग तो विचार करत बसत नाही. आधी दुगाण्या झाडतो. तो दुष्ट असतो म्हणून नव्हे, तर ज्या घोड्यांनी विचार करत वेळ घालवला ते जंगलात उरलेच नाहीत म्हणून.

रंगांचं म्हणाल तर निळा आणि पिवळा त्याला चांगला ओळखू येतो, लाल आणि हिरव्यात मात्र गोंधळ होतो. आमच्या मैदानावर हिरवळीत लाल रंगाचे अडथळे ठेवले तर आपल्याला ते उठून दिसतात, घोड्याला तेवढे दिसत नाहीत. आता आपण म्हणायचं, "काय मूर्ख जनावर आहे, समोरचा दांडा दिसत नाही!" मूर्ख कोण?

कान बघा. दोन्ही कान वेगवेगळे, १८० अंशांत फिरतात. कान तुमच्याकडे म्हणजे लक्ष तुमच्याकडे. कान मागे चपटे झाले की तो रागावला किंवा घाबरला. आणि कातडी! घोड्याच्या अंगावर माशी बसली की तेवढ्याच जागेची कातडी थरथरते, हे तुम्ही पाहिलं असेल. मी शाळेतल्या मुलांना विचारते, ज्याला माशीचं वजन कळतं, त्याला तुमच्या टाचेचं कळणार नाही का? मग टाच मारायची कशाला?

शिकवण्याची विद्या किती जुनी

घोड्याला शिकवणं ही विद्या फार जुनी आहे, आणि तिच्याशी आपलं भाषेचं नातं आहे हे सांगायला मला नेहमी आवडतं. आजच्या तुर्कस्तानात बोगाझकॉय इथे हित्ती लोकांची राजधानी होती, हत्तुशा. तिथे सापडलेल्या मातीच्या पाट्यांमध्ये रथाच्या घोड्यांना तयार करण्याचा दिवसवार कार्यक्रम लिहिलेला आहे. किती अंतर पळवायचं, कधी पाण्यात घालायचं, कधी काय खायला द्यायचं. तो सांगणारा माणूस किक्कुली, मितन्नी देशाचा. काळ इ.स.पूर्व चौदावं शतक किंवा त्याच्या आसपासचा. पाट्या हित्ती भाषेत आहेत, पण मैदानातल्या फेऱ्यांना वापरलेले शब्द एकवर्तन, पंचवर्तन, सप्तवर्तन या धर्तीचे आहेत. तीन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी, इतक्या दूर, घोडा फिरवणारा माणूस आपल्याला ओळखू येतील अशा आकड्यांत फेऱ्या मोजत होता.

आपल्याकडे शालिहोत्राच्या नावाची अश्ववैद्यकाची परंपरा आहे. घोड्यांच्या वैद्याला जुनी माणसं सलोतरी म्हणायची, तो शब्द त्याच नावावरून आला. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा यानं 'मानसोल्लास' लिहिला, त्यात घोडे आणि घोडे फिरवण्याचं मैदान यांवर स्वतंत्र प्रकरण आहे. आणि मराठ्यांचं सगळं राज्यच घोड्याच्या पाठीवर. स्वतःचा घोडा आणणारा तो शिलेदार, सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर. पागा, मोतद्दार, खोगीर, रिकीब, तंग हे शब्द आपल्या भाषेत मुरलेत. भीमथडीचं तट्टू आजही नामशेष झालेलं नाही. धनगरांचे तांडे चालतात तेव्हा संसार, कोकरं, कोंबड्या, कधी लहान पोर, सगळं त्याच्या पाठीवर असतं. अलीकडे त्याला देशी जात म्हणून अधिकृत मान्यताही मिळाली.

पण माझा गुरू म्हणाल तर तो अथेन्सचा झेनोफन. सॉक्रेटिसाच्या शिष्यांपैकी एक. सैनिक. इ.स.पूर्व चौथ्या शतकात त्यानं घोडेस्वारीवर छोटं पुस्तक लिहिलं. त्यातल्या चार गोष्टी माझ्या शब्दांत सांगते. घोडा विकत घेताना आधी खूर बघा, कारण घराचा पाया कच्चा असेल तर वरचा वाडा काय कामाचा? रागाच्या भरात घोड्याला हात लावू नका. घोडा एखाद्या वस्तूला घाबरला तर त्याला मारू नका, कारण मार बसला की दुखणं त्या वस्तूमुळेच झालं असं तो समजतो आणि भीती दुप्पट होते. आणि शेवटची, जबरदस्तीनं करून घेतलेल्या हालचालीत सौंदर्य नसतं, नाचणाऱ्याला चाबूक मारून नाच सुंदर होतो का?

हे सगळं मी वयाच्या पंचविशीत वाचलं होतं. तोंडपाठ होतं. आणि तरीही मी जे केलं ते आता सांगते.

मैना

मी शिकायला पुण्यात आले १९७६ साली. पहाटे घोड्यांचं काम करायचं आणि त्याच्या बदल्यात स्वारी शिकायची, असं पाच-सहा वर्षं चाललं. पुढे एका निवासी शाळेत घोडेस्वारीची शिक्षिका म्हणून नोकरी लागली. मुलींना घोडेस्वारी शिकवायला बाई मिळाली म्हणून शाळा खूश, आणि घोडे मिळाले म्हणून मी खूश.

तिथे मैना नावाची एक पांढरी घोडी होती. शांत, मुलांची लाडकी. १९८८ च्या पावसाळ्यानंतर ती उडी मारायला नकार द्यायला लागली. अडथळ्यापर्यंत यायची आणि थांबायची. पुढे पुढे तर पुढचे पाय उचलून उभी राहायला लागली. मी म्हटलं, माजलीय. बरेच महिने काम कमी होतं, अंगात मस्ती आलीय. फिरवायला हवी. तेच आपलं कोड्यातलं उत्तर.

जानेवारीतली सकाळ. चौदा वर्षांची एक मुलगी मैनेवर होती. चांगली स्वार, पण त्या दिवशी घाबरलेली. ती मला म्हणाली, "बाई, आज तिला नको वाटतंय." हे शब्द मला अजून ऐकू येतात. ती घोडीबद्दल बोलत होती आणि तिला बरोबर दिसत होतं. मी मैदानाच्या मधोमध उभी राहून ओरडले, "काही नको वाटत नाही. छडी मार!"

तिनं मारली. मैना उधळली. मुलगी दांड्यावर पडली. कोपराचं हाड मोडलं. दोन शस्त्रक्रिया झाल्या आणि तो हात पूर्ण सरळ कधीच झाला नाही. वडील तिला न्यायला आले तेव्हा मला एक शब्द बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरं झालं असतं. ती मुलगी परत घोड्यावर बसली नाही.

चार दिवसांनी जनावरांचे डॉक्टर आले. त्यांनी मैनेच्या पाठीवर खोगिराच्या जागी दोन बोटं दाबली आणि तिची पाठ एकदम खाली गेली. पुन्हा दाबली, पुन्हा खाली. पावसाळ्यात आम्ही खोगिरं दुरुस्त करून घेतली होती. तिच्या खोगिराचा सांगाडा एका बाजूनं पिचला होता. तो तिच्या पाठीत रुतत होता. उडी मारताना स्वाराचं वजन नेमकं तिथेच यायचं. घोडं पेंड खात होतं ते इथे, आणि मी चार महिने ती घोडी माजलीय म्हणत होते.

आता खरी लाजेची गोष्ट. शाळेनं ठरवलं की घोडी धोकादायक आहे, विकून टाकायची. मी तेव्हा सांगायला हवं होतं की घोडीची चूक नाही, खोगिराची आहे, आणि ते न तपासणाऱ्या माझी आहे. मी गप्प बसले. नोकरीत पाच वर्षंही झाली नव्हती. मैना गेली.

दाब आणि सुटका

त्यानंतर मी मुळापासून शिकायला घेतलं. घोडा शिकतो तरी कसा? उत्तर अगदी साधं आहे. घोडा दाबानं शिकत नाही. दाब ज्या क्षणी सुटतो, त्या क्षणी तो जे करत असतो, ते तो शिकतो.

उदाहरण देते. तुम्ही पायानं घोड्याच्या बाजूला हलकेच दाबलं. घोडा एक पाऊल पुढे गेला. तुम्ही लगेच, म्हणजे त्याच क्षणाला, पाय सैल सोडला. घोड्याला कळलं, पुढे गेलं की त्रास थांबतो. पुढच्या वेळी तो अर्ध्या दाबाला पुढे जाईल. दहा दिवसांनी नुसती तुमची पोटरी आवळली तरी जाईल.

आता उलटं बघा. तो पुढे गेला तरी तुम्ही दाबतच राहिलात. त्याला काय कळलं? की काहीही केलं तरी दाब जात नाही. मग तो काहीच करायचं सोडून देतो. आपण म्हणतो, घोडा मठ्ठ आहे. लगामाचं तसंच. थांबला तरी लगाम ओढूनच धरला, तर तोंड कठीण होतं. मग आणखी कडक कडी घालायची, आणखी ओढायचं. हा रस्ता संपत नाही.

आणि तिसरा प्रकार सगळ्यांत वाईट. घोडा दोन पायांवर उभा राहिला, तुम्ही घाबरून लगाम सोडला आणि खाली उतरलात. त्याला काय शिकवलंत? उभं राहिलं की माणूस उतरतो. मैनेला तेच तर शिकवलं गेलं होतं. तिची पाठ दुखायची, ती उभी राहायची, मूल घाबरून उतरायचं, दुखणं थांबायचं. तिच्या दृष्टीनं तिनं शंभर टक्के बरोबर उत्तर शोधलं होतं. शिकवणारे आम्हीच होतो, फक्त आपण काय शिकवतोय हे आम्हाला ठाऊक नव्हतं.

म्हणून मी म्हणते, लगाम धरायला कोणीही आठवड्यात शिकतं. तो कधी सोडायचा, हे शिकायला वर्षं लागतात.

घोडा तुम्हाला वाचतो

आणखी एक गोष्ट. बर्लिनमध्ये विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हान्स नावाचा एक घोडा फार गाजला. त्याचे मालक फोन ओस्टेन, गणिताचे निवृत्त शिक्षक. हान्सला बेरीज विचारली की तो खुरानं तेवढे ठोके द्यायचा. १९०४ मध्ये समिती नेमली गेली, तिला फसवणूक सापडली नाही. मग ऑस्कर फुंग्स्ट या मानसशास्त्रज्ञानं नीट प्रयोग केले. त्याला आढळलं, की विचारणाऱ्याला उत्तर माहीत नसेल तर हान्सलाही येत नाही. आणि विचारणारा माणूस दिसत नसेल तरी येत नाही. माणूस प्रश्न विचारून नकळत किंचित पुढे झुकायचा, बरोबर आकड्याला डोकं अगदी थोडं वर उचलायचा. हान्स ते पाहून थांबायचा. विचारणाऱ्यांना स्वतःलाही ते कळत नव्हतं.

लोक ही गोष्ट घोड्याला गणित येत नाही हे सांगायला वापरतात. मला त्यात वेगळंच दिसतं. आपल्या मानेची जी हालचाल आपल्याला स्वतःला कळत नाही, ती घोड्याला कळते. मग तुम्ही श्वास रोखलात, मांड्या आवळल्यात, खांदे कानाला लावलेत, हे पाठीवर बसलेल्या माणसाचं त्याला कळणार नाही? म्हणून घोडेस्वारी शिकवताना मी निम्मा वेळ माणसाचं शरीर शिकवते.

माझ्याकडे नवीन मूल येतं तेव्हा पहिला आठवडा चाचांचाच. खरारा, खूर साफ करणं, आणि कुठून जवळ जायचं ते. पाठीवर हात फिरवून दुखतंय का ते बघायचं, हे मी त्यात घातलं. रोज, प्रत्येक घोडा, खोगीर चढवायच्या आधी. मग मूल घोड्यावर बसतं ते हेल्मेट घालूनच, आणि घोडा माझ्या हातातल्या लांब दोरीवर गोल फिरतो. मुलाच्या हातात लगाम नसतो. त्यानं फक्त तोल शिकायचा. कदम चालीत चार ठोके ऐकू येतात, एक-दोन-तीन-चार. दुडकीत दोन, कारण तिरके दोन-दोन पाय एकदम पडतात, म्हणून तिथे स्वार ठोक्याला उठतो-बसतो. कँटरमध्ये तीन ठोके आणि मग क्षणभर चारही पाय हवेत. चौखूर धावताना पुन्हा चार, पण इतके जलद की मोजता येत नाहीत. मी मुलांना डोळे मिटून ठोके मोजायला लावते. ज्याला ठोके ऐकू आले त्याला लगाम मिळतो. कोणाला तीन आठवडे लागतात, कोणाला तीन महिने.

आणि एखादं मूल म्हणालं, "बाई, आज त्याला नको वाटतंय," तर आम्ही तिथेच थांबतो. खाली उतरतो. तंग सोडतो. बघतो. दहातल्या आठ वेळा काही नसतं. दोन वेळा असतं.

पाय नसले तरी

भीतीबद्दल बोलले, तर धैर्याबद्दलही एक सांगते. डेन्मार्कची लिस हार्टेल. १९४४ मध्ये, पोटात मूल असताना, तिला पोलिओ झाला. गुडघ्याखाली पायांत ताकद राहिली नाही. तरी ती पुन्हा घोड्यावर बसायला शिकली. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ड्रेसाजमध्ये स्त्रियांना पहिल्यांदा पुरुषांच्या बरोबरीनं भाग घेता आला. लिसला घोड्यावर बसवायला आणि उतरवायला माणूस लागायचा. तिनं रौप्यपदक मिळवलं. चार वर्षांनी पुन्हा रौप्य.

टाच मारायला पायात जोरच नव्हता. म्हणजे तिला घोड्याशी फक्त तोल आणि वजन यांच्या भाषेत बोलावं लागलं. ज्युबिली नावाच्या त्या घोडीला तेवढं पुरलं. तिच्या यशानंतर युरोपात अपंगांसाठी घोडेस्वारीला जोर आला. माझ्याकडे आठवड्यातून दोन दिवस अशी मुलं येतात. मी डॉक्टर नाही, बरं करण्याचे दावे करत नाही. एवढंच सांगते, घोडा चालताना त्याच्या पाठीची जी हालचाल होते ती माणसाच्या चालण्याशी जुळणारी असते. जे मूल कधी चाललेलं नाही, त्याची कंबर घोड्यावर चालते. त्याचा चेहरा तेव्हा कसा होतो, ते बघायला एकदा या.

वरातीमागून घोडं

मैनेचं राहिलं. सात वर्षांनी ती मला दिसली. पुण्यात, लग्नसराईत, संध्याकाळची वेळ. बँड, दिव्यांची झगमग, रस्ता अडलेला. नवरदेव एका पांढऱ्या घोडीवर. उजव्या कानाच्या टोकाला खाच होती, तिच्यावरून मी ओळखली. झालर, आरसे, कलाबतूचं सामान. कान मागे. फटाका फुटला की कातडी थरथरायची, पण ती हलत नव्हती. ज्याला मी सुरुवातीला मठ्ठ म्हटलं ना, तसं झालं होतं. काहीही केलं तरी थांबत नाही, म्हणून काहीच न करणं.

मी वरात संपेपर्यंत मागे चालत गेले. शब्दशः वरातीमागून घोडं! नंतर तिच्या मालकाशी बोलले. भला माणूस होता, पोटापाण्यासाठी करत होता. मी विकत मागितली. तो म्हणाला, "ताई, सीझन संपू द्या." सीझन संपल्यावर गेले तेव्हा ती पोटशुळानं गेली होती. घोड्याला उलटी करता येत नाही, पोट बिघडलं की जिवावर बेततं. तिनं मला ओळखलं होतं का, ते मला ठाऊक नाही. तिनं माझा हात हुंगला होता, एवढं खरं.

घोडा पंचवीस-तीस वर्षं जगतो. कामाची वर्षं त्यातली निम्मी. उरलेल्या वर्षांचं काय, हा प्रश्न घोडा घेताना कोणी विचारत नाही. आज माझ्याकडे नऊ घोडे आहेत, त्यातले तीन म्हातारे, काही काम न करणारे. पालक विचारतात, फी एवढी का? मी त्यांना ते तीन घोडे दाखवते.

प्रश्नोत्तरे

संयोजक : वेळ थोडा आहे. दोन प्रश्न घेऊ.

श्रोता : घोड्यावर बसणं हीच मुळात क्रूरता नाही का?

उत्तर : प्रश्न चांगला आहे आणि मी तो स्वतःला विचारते. घोड्यानं आपल्याला बोलावलेलं नाही, हे खरं. म्हणून त्याचा "नको" ऐकू येण्याची सोय आपण ठेवली पाहिजे. पाठ, खूर, दात नियमित बघायचे, सहा ते आठ आठवड्यांनी नालबंद यायला हवा, आणि जास्तीत जास्त वेळ त्याला इतर घोड्यांबरोबर मोकळं चरता यायला हवं. हे जमत नसेल तर घोडा ठेवू नये. हे सगळं करूनही तुम्ही नको म्हणालात, तर मी तुमच्याशी भांडणार नाही.

श्रोता : माझं वय ५६ आहे. शिकता येईल का?

उत्तर : येईल. पाठीचा, हाडांचा काही त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. नसेल तर येत्या रविवारी सकाळी सहाला या. पण सांगून ठेवते, पहिला आठवडा खरारा. आणि घोड्याजवळ जाताना आधी त्याला सांगायचं, की तुम्ही आलात.